पंखे बंद, फी २,२०० आणि तरीही जरूर जा: नौपाड्यातलं साखळी-यंत्रांचं शिबिर

आधी कामाचं सांगते. ठाणे पश्चिमेला नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हे शिबिर भरतं. लागोपाठ दोन शनिवार-रविवार, सकाळी साडेनऊ ते एक. फी २,२०० रुपये, त्यात एक मूल आणि त्याच्यासोबत एक मोठं माणूस. मोठ्या माणसाने मुलाला सोडून राम मारुती रोडला खरेदीला जायचं नाही, सोबत बसून काम करायचं, अशी अट आहे आणि ती ते खरोखर पाळायला लावतात. मी अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन गेले होते. मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये लॅब असिस्टंट आहे, त्यामुळे उतार, लंबक, तरफ, कप्पी हे सगळं रोज माझ्या हाताखालून जातं. तरीसुद्धा इथे जे बघायला आणि करायला मिळालं, ते लॅबच्या पाऊण तासाच्या प्रॅक्टिकलमध्ये मिळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साखळी-यंत्र म्हणजे काय, तर एखादं साधं काम घ्यायचं, घंटा वाजवणं, कुंडीला पाणी घालणं असं काहीही, आणि ते सरळ हाताने न करता वीस-पंचवीस टप्प्यांच्या वाटेने करवून घ्यायचं. गोटी घरंगळत येते आणि ठोकळ्यांची रांग पाडते, शेवटचा ठोकळा दोऱ्याला बांधलेली टाचणी ओढतो, टाचणी निघाली की टांगलेलं वजन खाली येतं, वजनामुळे तरफेचं दुसरं टोक वर जातं आणि तिथली गोटी पुढच्या वाटेला लागते. आपण फक्त पहिली गोटी सोडायची. त्यानंतर हात लावायचा नाही.

शिकवणारे काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, आता निवृत्त आहेत. सामानाचं टेबल काकू सांभाळतात. काकांनी व्याख्यान असं दिलंच नाही. मुलं आल्या आल्या त्यांना काचेच्या आणि लोखंडी गोट्या वेगळ्या करायला बसवलं आणि ते चालू असताना गोष्ट सांगितली. रूब गोल्डबर्ग नावाचा अमेरिकन व्यंगचित्रकार, जन्म १८८३. १९०४ साली बर्कलेहून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी आणि सांडपाणी खात्यात लागला, आणि काही महिन्यांतच ती नोकरी सोडून वर्तमानपत्रात चित्रं काढायला गेला. त्याची यंत्रं कागदावरची, त्यामुळे त्यांत प्राणी-पक्षीसुद्धा अगदी वेळेवर कामाला यायचे. ती हौस प्रत्यक्ष लाकूड-लोखंडात उतरवली ती विद्यार्थ्यांनी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९४९ ते १९५५ अशा यंत्रांची स्पर्धा व्हायची, मग बंद पडली, १९८३ला परत सुरू झाली आणि १९८८पासून देशपातळीवर गेली. २०१२ साली पर्ड्यूच्याच टीमने ३०० टप्प्यांचं यंत्र चालवून दाखवलं.

“आणि ३०० टप्प्यांनंतर काय झालं?” काकांनी विचारलं.

“रॉकेट उडालं?” एकजण म्हणाला.

“फुगा फुगला आणि फुटला. बस्स. चला, गोट्या झाल्या का वेगळ्या?”

माझ्या मते या शिबिराची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे इथे तयार किट नाही. सामानाचं टेबल बघूनच मी खूश झाले. इलेक्ट्रिशियन वायर झाकायला वापरतात ती केसिंग पट्टी, कॅरमच्या जुन्या सोंगट्या आणि पावडर, पतंगाची फिरकी, सुतळी, कपड्यांचे चिमटे, आइस्क्रीमच्या काड्या, काचेच्या बांगड्या, रिकामी दोऱ्याची रिळं, वायसर, सायकलच्या दुकानातले छर्रे, स्टीलचे पेले, मोहरीची पिशवी, फुगे, मास्किंग टेप. बहुतेक सगळं जांभळी नाक्याला मिळतं. केसिंग पट्टी तर या कामासाठीच बनवल्यासारखी आहे. झाकण काढलं की आत गोटीला चालायला सरळ, गुळगुळीत नाळ मिळते. करवतीने हव्या त्या मापाला कापता येते आणि भोक पाडून खिळ्यावर बसवली की तीच तरफ होते. पहिल्या दिवशी घरी जाताना भाची रिक्षात मला इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होती.

तयार संचही मी पाहिले आहेत आणि त्यांना नावं ठेवत नाही. त्यांतले तुकडे एकमेकांत बरोबर बसतात, गोटी अडकत नाही, लहान मुलांना लगेच आनंद मिळतो. पण दोन टप्प्यांमधला जोड कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, आणि या खेळाची खरी मजा तर त्या जोडातच आहे. इथे तुमच्यासमोर बांगडी आणि चिमटा ठेवतात आणि विचारतात, बांगडीने चिमटा कसा उघडाल? त्यावर तासभर डोकं चालवायचं. शिबिराची पहिली सकाळ पूर्ण यातच जाते. यंत्र बांधायचंच नाही, फक्त दोन वस्तूंचे जोड करायचे. काही पालकांची त्या दिवशी चुळबुळ चालली होती की यंत्र कधी सुरू होणार. मला विचाराल तर ती सकाळ अख्ख्या शिबिरातली सगळ्यात भरलेली होती.

त्या सकाळचा एक प्रयोग नीट सांगते. काकांनी केसिंगच्या दोन पट्ट्या एकाच उताराला शेजारी शेजारी लावल्या. एकीवर १६ मिमीची काचेची गोटी, दुसरीवर त्याच मापाची लोखंडी. लोखंडीचं वजन काचेच्या तिपटीहून जास्त. आधी कोण पोचेल? सगळी मुलं लोखंडीच्या बाजूने. सोडल्या, तर दोन्ही बरोबर पोचल्या, टक् असा एकच आवाज. पुन्हा सोडल्या, पुन्हा एकच आवाज. मुलं खाली वाकून पट्ट्या तपासायला लागली. मग काकांनी दोन्ही उतारांच्या तळाशी एकेक जाडसर ठोकळा उभा केला. काचेच्या गोटीने ठोकळा नुसता डुलला, लोखंडीने आडवा केला. वेग तोच, पण धक्क्यात फरक. हे सूत्र मी फळ्यावर कित्येकदा पाहिलंय, पण मुलांच्या तोंडावर ते उमटताना असं समोरून कधी पाहायला मिळालं नव्हतं. त्यानंतर त्याच उतारावर गोटीच्या जोडीला बांगडी सोडली. बांगडी मागे पडली, आणि दर वेळी मागेच पडत राहिली, कारण तिचं सगळं वजन कडेला आहे आणि तिला फिरवण्यातच उताराचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. काका लगेच म्हणाले, “म्हणजे उशीर हवा असेल तिथे काय वापराल?” आमच्या शेजारच्या टेबलावरच्या एका छोट्याने दोन्ही हातांनी बांगड्या उचलल्या.

मोहरीचं कामही असंच. एखादा टप्पा दहा-वीस सेकंद उशिराने सुरू व्हायला हवा असतो, त्यासाठी कागदाच्या शंकूतून काहीतरी हळूहळू पेल्यात पडू द्यायचं आणि पेला जड झाला की तरफ कलंडते. पाणी घेतलं तर भांडं रिकामं होत जाईल तशी धार मंदावते, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकतो. दाण्यांचं तसं नाही, ढीग उंच असो की बुटका, धार जवळपास तितकीच राहते. वाळूचं घड्याळ त्यामुळेच जमतं. मग वाळूच का नाही? तर ठाण्याच्या दमट हवेत ती ओलसर होऊन शंकूच्या तोंडाशी अडते, आणि रवा तर गठ्ठेच धरतो. मोहरी गोल, टणक आणि सुटी. सांडली की वेचायला मात्र अर्धा तास जातो. काकूंनी त्यासाठी प्रत्येक टेबलाखाली जुनी चादर अंथरून ठेवली होती, हे मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी सात सागवानी ठोकळे आणले. पहिला २ सेंमी उंच आणि पुढचा प्रत्येक आधीच्याच्या दीडपट, लांबी-रुंदी-जाडी सगळ्यांतच. सातवा साधारण २३ सेंमीचा झाला. पहिल्याचं वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, सातव्याचं सहाशे ग्रॅमच्या घरात, म्हणजे जवळपास दीड हजार पट. काकांनी पहिल्याला काडेपेटीतल्या काडीने टोचलं आणि सातवा धाड्कन टेबलावर आपटला. १९८३ साली लॉर्न व्हाइटहेड यांनी हेच तेरा ठोकळ्यांपर्यंत नेऊन भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं होतं.

“एवढी ताकद काडीतून आली का?” काकांनी विचारलं.

कोणीच बोलेना. माझी भाची हळूच म्हणाली, “नाही. ठोकळे उभे करताना आपण लावली ना. उभा ठोकळा पडायला तयारच असतो.”

काकांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि पुढचा अर्धा तास फक्त यावर घेतला. उभा ठोकळा, टांगलेली बाटली, ताणलेला रबर, फुगवलेला फुगा, उतारावर अडवलेली गोटी, या सगळ्यांत आपण आधीच ताकद भरून ठेवलेली असते. मागच्या टप्प्याने फक्त तिचा अडसर काढायचा. एकदा हे डोक्यात बसलं की यंत्राची रचना करण्याची पद्धतच बदलते. तोपर्यंत मुलं एकच गोटी सगळ्या यंत्रातून फिरवायला बघत होती, आणि ती अर्थातच मध्ये कुठेतरी दमून थांबायची. त्यानंतर प्रत्येकजण विचारायला लागला, इथे ताकद कुठे साठवू आणि अडसर कशाचा लावू?

दुसऱ्या आठवड्यात खरं यंत्र. प्रत्येक जोडीला दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायचा पाट मिळतो, आणि सगळे पाट ओळीने जोडून शेवटी एक मोठं यंत्र होतं. नियम एकच: तुमच्या पाटावर डावीकडून १५ सेंमी उंचीवर गोटी येणार, आणि उजवीकडून १५ सेंमी उंचीवरच गोटी बाहेर गेली पाहिजे. आत काहीही करा. उतारावरून खाली आलेली गोटी वर कशी न्यायची, यावर मुलं थोडा वेळ भांडली आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की तीच गोटी वर न्यायची गरज नाही, उजव्या टोकाला दुसरी गोटी आधीच अडवून ठेवायची. शेजाऱ्याचा पाट कसाही असला तरी माझा चालला पाहिजे आणि माझ्यामुळे त्याचा अडता कामा नये, हे इतक्या लहान वयात हातानेच कळणं ही मोठी गोष्ट आहे. आमच्या पाटाची उंची शेजारच्यापेक्षा जराशी कमी भरत होती. काकांनी गवंड्याची लेव्हल लावून दाखवली आणि भाचीने एका जुन्या लग्नपत्रिकेची घडी टेबलाच्या पायाखाली सरकवली.

शेवटचा पाट आमचा होता, त्यामुळे शेवटचं कामही आमच्याकडे आलं: बटण दाबलं की उघडणारी छत्री उघडायची. जून तोंडावर आलेला, म्हणून काकूंनी सुचवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या बटणाला चांगलाच जोर लागतो. गोटीने ते होणं शक्य नव्हतं. म्हणून एक लिटर पाण्याची बाटली टांगली, ती पडली की दोरी ओढली जाईल, दोरीने लाकडी पट्टीची तरफ फिरेल आणि तरफ बटण दाबेल. हे झटकन जमलं. अडलं ते बाटली सोडवण्यापाशी. बाटलीचा फास खिळ्यावर असा करकचून बसायचा की ठोकळा पडून दोऱ्याला लोंबकळत राहायचा आणि खिळा जागचा हलायचा नाही. खिळ्याला कॅरमची पावडर लावून पाहिली, मेण घासून पाहिलं, थोडा फरक पडायचा, पण भरवशाचं होईना.

काका येऊन शेजारी बसले. उत्तर दिलं नाही. केसिंगची एक पट्टी उचलून एका टोकाशी खिळ्यावर बसवली आणि भाचीला म्हणाले, “बाटली बोटाने धरून बघ, पण इथे धर, मग इथे धर.” बाटलीचा फास खिळ्यापासून दोन सेंमीवर, तिचं बोट आधी खिळ्याजवळ, मग वीस सेंमीवरच्या टोकाला. टोकाला बोट लावल्यावर तिचे डोळे मोठे झाले. किलोभर वजन तिथे शंभर ग्रॅमवर आलं होतं. “मावशी, इथे टाचणी लावूया!” टोकाशी गुळगुळीत टाचणी अडसर म्हणून लावली, आणि ती ओढायला सागवानी ठोकळ्यांची सातांची रांग काकांकडून मागून आणली. सहाशे ग्रॅमचा सातवा ठोकळा पडला, टाचणी निघाली, पट्टी सुटली, बाटली खाली, छत्री फाडकन उघडली आणि समोरच्या टेबलावरच्या आजोबांचा चष्मा थोडक्यात वाचला. आजोबाच सगळ्यात मोठ्याने हसले. काकांनी छत्रीभोवती लगेच खडूने रेघ आखून घेतली, यंत्र चालू असताना कोणी आत यायचं नाही म्हणून. उंदराचा चापही एका पाटावर होता, पण तो फक्त काकाच लावायचे, मुलांना हात लावू देत नव्हते. या बाबतीत माझं पूर्ण समाधान आहे.

प्रत्येक जोडीला एक वही देतात आणि यंत्र थांबलं की त्यात लिहायचं: कुठे थांबलं, काय दिसलं, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे कडक वाटलं तरी फार मोलाचं आहे. काकांनी फळ्यावर हिशोब मांडून दाखवला. एकेक टप्पा शंभरात पंच्याण्णव वेळा चालत असेल तर आपल्याला वाटतं छान आहे, पण असे वीस टप्पे जोडले तर अख्खं यंत्र शंभरात छत्तीस वेळाच शेवटपर्यंत जातं. तेच प्रत्येक टप्पा नव्व्याण्णववर नेला तर ब्याऐंशी वेळा. “म्हणून नवा टप्पा वाढवण्याआधी जुना पक्का करा,” असं ते सांगत होते. भाचीने वहीच्या पुठ्ठ्यावर ९५ आणि ९९ मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलंय. अपयश हा शब्द त्या हॉलमध्ये कोणी वापरलाच नाही. यंत्र थांबलं की सगळे त्या जागेभोवती गोळा व्हायचे आणि “का थांबलं असेल?” यावर इतक्या उत्साहाने बोलायचे की थांबलेलं बरंच झालं असं वाटायचं. स्पर्धा नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. त्यामुळे शेजारच्या पाटाचं अडलं की मुलं आपलं सोडून तिकडे धावतात.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या.

पंखे. ठोकळे, कागदी शंकू, फुगे असल्यामुळे यंत्र लावताना पंखे बंद ठेवावे लागतात, आणि मे महिन्यातल्या ठाण्यात हे सोपं नाही. मधूनमधून दहा मिनिटं पंखे लावून सगळ्यांना बसवतात, सरबतही देतात, तरी बाराच्या पुढे लहान मुलं कोमेजतात. हेच शिबिर दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत घेतलं तर दुप्पट आनंद मिळेल. मी तसं सांगून आले आहे.

जमीन. इमारत जुनी, कोणी जोरात चाललं तरी टेबल थरथरतं. ठोकळ्यांची रांग लावताना दर दहा ठोकळ्यांनंतर एकाची जागा मोकळी सोडायची आणि त्या जागा अगदी शेवटी भरायच्या, म्हणजे मध्येच पडलं तरी दहाच पडतात. ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकवतात. पण मोबाइलवर शूटिंग करायला उठणाऱ्या पालकांसाठी काही युक्ती नाही. शेवटच्या दिवशी काकूंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि एकाच माणसाला शूटिंग करायला सांगितलं. हा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

वय. पत्रकात आठ वर्षांपासून लिहिलं आहे. मला दहा योग्य वाटतं. आठ वर्षांच्या मुलांचा हात टाचणी आणि दोऱ्याच्या कामात स्थिर राहत नाही, मग त्यांचे आईबाबा सगळं करतात आणि मूल बघत बसतं. एका टेबलावर अगदी तेच झालं. मुलाला एवढंच म्हणायचं होतं की मला गोटी सोडू द्या.

घरी न्यायला काही लिखित मिळत नाही. हिशोब, जोडांची चित्रं, सामान कुठे मिळतं, एवढं दोन पानांचं टिपण तरी द्यायला हवं. ज्याने नीट लिहून घेतलं नाही त्याच्या हातात शेवटी फक्त व्हिडिओ उरतो.

बाकी पार्किंग नाही, लिफ्ट नाही. स्टेशनवरून चालत या, रस्ता फार नाही.

शेवटच्या दिवशी सगळे पाट जोडले. पहिल्या काही फेऱ्यांत यंत्र कुठे ना कुठे थांबत गेलं, कधी केसिंगच्या सांध्यावर गोटी उडाली, कधी फुगा वेळेआधी फुटला. दर वेळी वहीत नोंद, एक बदल, पुन्हा सुरुवात. एक वाजून गेला होता, पण घड्याळाकडे कोणी बघत नव्हतं. ज्या फेरीत ते चाललं त्या फेरीत सुरुवात त्या आठ वर्षांच्या मुलाने केली, काकांनी मुद्दाम त्यालाच बोलावलं. गोटी निघाली, बांगडी गेली, मोहरी पडायला लागली. मोहरीच्या त्या वीसेक सेकंदांत इतके जण एकत्र श्वास रोखून बसलेले मी नाटकाच्या तिसऱ्या घंटेनंतरही पाहिले नाहीत. पेला कलंडला, पुढे एकेक पाट पेटत आल्यासारखा आमच्यापर्यंत आला, सागवानी ठोकळे एकापेक्षा एक मोठ्या आवाजात पडले आणि छत्री उघडली. मुलांनी जो गलका केला त्याने खालच्या मजल्यावरचे लोक बघायला वर आले. मग त्यांच्यासाठी पुन्हा एकदा सगळं लावलं! दुसऱ्यांदा चाललं नाही, फिरकीचा दोरा गुंतला, पण पाहुणेही वाकून दोरा सोडवायला लागले.

पैसे वसूल का? माझ्या मते हो, आणि त्याहून जास्त. २,२०० रुपयांत दोन माणसं, सगळं सामान, सरबत, आणि घाई न करणारा शिक्षक. त्यातली शेवटची गोष्ट ठाण्यात मुलांच्या क्लासमध्ये सहसा मिळत नाही. शिबिरानंतर भाचीने तीनशे-साडेतीनशे रुपयांत जांभळी नाक्यावरून आपलं स्वतःचं सामान जमवलंय, आणि ताईच्या घरी दाराच्या बेलपासून स्वयंपाकघरापर्यंत केसिंग पट्टी लागली आहे. ताईची त्याला हरकत नाही, मोहरीला आहे.

जाताना सुती कपडे, पाण्याची मोठी बाटली आणि जुना रुमाल न्या. नखं वाढलेली असतील तर कापून जा, ठोकळे लावताना अडतात. नावनोंदणी तिथेच काकूंकडे होते, जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात. आयोजकांना एक विनंती: मुलांशिवाय, नुसती मोठ्यांची एक बॅच काढा. पहिलं नाव माझं लिहा, दुसरं आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या मॅडमचं. त्यांना मी विचारून ठेवलंय.